तव्यावरचा थेंब

१९७३ सालचा मे महिना होता. विहिरींनी तळ दाखवले होते, आंबा अर्ध्यावर संपला होता आणि माझ्या धाकट्या भावाचं, पभाचं, लग्न उद्यावर येऊन ठेपलं होतं. घरी हळदीची गडबड चालली असणार. मी मात्र जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत स्टुलावर चढून कपाटावरची लाकडी पेटी ओढत होते.

"जपून हो, कीरबाई," खालून पोंक्षे सर म्हणाले. "पडलात तर उद्या करवली लंगडत येईल."

डॉक्टर पोंक्षे आमच्या विभागाचे प्रमुख. निवृत्तीला टेकलेले, अंगाने काटकुळे, आणि बोलणं असं की हसावं की गप्प बसावं ते कळू नये. मी त्यांच्या हाताखाली दुसरं वर्ष काढत होते. घाबरले की सर विनोद करायचे, एवढं मला तोवर कळलं होतं. त्या दिवशी ते सकाळपासून विनोद करत होते.

पेटीत पितळेची जाड पट्टी होती, पंजाएवढी. मधोमध भोक, त्यावर काच, म्हणजे खालचा उजेड वर यावा. कडेला थर्मामीटर सरकवायची बारीक नळी, पोटात तापणारी तार आणि वायरीच्या टोकाला बटणाची डबी. सूक्ष्मदर्शकाच्या मंचावर ही पट्टी बसवायची आणि तिच्यावर नमुन्याची काच ठेवायची, की थेंब माणसाच्या अंगाइतका उबदार राहतो. हगवणीचे जीव गारव्यात मरगळतात, उबेत चालायला लागतात. त्यांच्या अभ्यासासाठी हे यंत्र मुंबईहून आलं होतं. इस्पितळात सगळे त्याला 'तवा' म्हणायचे. म्हणायचे तेवढंच, तापवला कुणीच नव्हता.

"सर, हगवणीचा रुग्ण आहे का कुणी?"

"नाही," पेटीतला भुसा फुंकत सर म्हणाले. "तुमच्या व्याह्यांचा आहे."

मी स्टुलावरून खाली उतरले.

व्याह्यांचा म्हणजे शांताराम शिवलकर. पभाची होणारी बायको हेमा, तिचा हा सख्खा चुलतभाऊ. घाटाच्या पायथ्याशी उन्हाळकोंड म्हणून वाडी आहे, गरम पाण्याचा झरा असलेली, तिथला. त्याचं स्वतःचं लग्न आठवड्यापूर्वीच झालं होतं. आदल्या दिवशी त्याला बैलगाडीत आडवा घालून आणला, तेव्हा ताप फणफणत होता आणि मान लाकडासारखी ताठ होती. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते ताकासारखं गढूळ आलं. मी काचेखाली पाहिलं: पू-पेशींचा नुसता चिखल, पण जंतू औषधालाही नाही. पेनिसिलिन चालू होतं. उतार नव्हता. त्या दिवशी सकाळी त्याने बायकोला ओळखलं नाही.

"कालचा नमुना कुठं ठेवला होता?" सरांनी विचारलं.

"बर्फात. नेहमीसारखा."

"अगदी बरोबर. नियम माझाच आहे, मोडलात तर मीच ओरडलो असतो." त्यांनी पट्टी खिडकीशी धरून तिची काच पुसली. "पण मी एका नियतकालिकात वाचलंय. परदेशात धडधाकट पोरं कोमट तळ्यात पोहायला गेली आणि आठवड्यात संपली. पाण्यात एक अमीबा असतो. नाकात पाणी गेलं की वासाच्या नसेवरून थेट मेंदूत चढतो. गार झाला की अंग आवळून गोळा होऊन बसतो. मग तो हुबेहूब पू-पेशी दिसतो. चालला, तरच ओळखायचा."

"पण शांतारामला तसंच झालंय कशावरून?"

"आज त्याची बायको सांगत होती. ताप यायच्या आदल्या दिवशी घरात फणस फोडला, आणि ह्याला वासच येईना. कापा फणस, कीरबाई! ओटीवरच्या माणसाला वेड लावतो, आणि ह्याला नाकाशी धरून कळेना." सर हसले नाहीत. "त्याच्या वडलांना बोलवा जरा."

गोविंदकाका व्हरांड्यातच होते. पन्नाशीचा, माडाच्या झाडासारखा उंच, ताठ माणूस. डोक्यावरची काळी टोपी हातात घेऊन ते दारात उभे राहिले. सरांनी विचारलं, "मुलगा अलीकडे पाण्यात उतरला होता का?"

"उतरला म्हणजे? बुडी मारली त्याने!" एवढ्या काळजीतही त्यांचा आवाज फुलला. "आमच्या कुंडात बुडी मारल्याबिगर नवऱ्याला बोहल्यावर चढवत नाहीत, डॉक्टर. वाडीतला नवरा असो की बाहेरून आलेला जावई असो. पुजारी देवाचा नारळ कापडात बांधून, दगड लावून तळाला सोडतो. नवऱ्यानं एका दमात तो दोन्ही हातांनी वर काढायचा. एक हात लावला की नाय चालत. माझ्या झिलानं पहिल्या बुडीत काढला. यंदा पाणी खाली गेलंय, तळाला हा असा गाळ. नाकातोंडात चिखल घेऊन वर आला नि हसतोय नुसता!"

ते स्वतःही हसले. मग आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून थांबले.

"का विचारलंत?"

"सांगतो," सर म्हणाले. "आधी खात्री करू द्या."

गोविंदकाका गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. उद्या सकाळी नऊच्या सुमाराला पभाचं वऱ्हाड उन्हाळकोंडला पोचायचं होतं.

तवा मांडणं हे पोळ्या लाटण्यासारखं नाही, हे तासाभरात कळलं. सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरचे चिमटे काढले. पितळ थेट लोखंडावर टेकलं तर सगळी ऊब लोखंड पिऊन टाकेल, म्हणून मध्ये बुचाच्या चकत्या घातल्या. त्यामुळे पट्टी उंच झाली आणि जवळचं भिंग तिच्यावर आपटायला लागलं. ते काढून लांबून बघणारं भिंग लावलं. आरसा फिरवून उजेड मधल्या भोकातून आणला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. मे महिन्यातल्या त्या कोंदट खोलीत आमच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता, आणि तरी सर म्हणत होते, "दारसुद्धा ओढून घ्या. वारा नको."

थर्मामीटर पट्टीच्या कडेला होता, थेंब मध्यावर ठेवायचा होता. कडेला जेवढी ऊब, तेवढीच मध्यावर असेल कशावरून? आणि विजेचा दाब तर सारखा खालीवर होत होता.

"मध्यावरची ऊब कशी मोजायची?" मी विचारलं.

सर टेबलाच्या खणात हात घालून काहीतरी चाचपत होते. त्यांनी कोकमाच्या तेलाचा गोळा काढला. आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांना लावतात.

"पावसाळा-उन्हाळा माझ्या टाचा फुटतात," ते म्हणाले. "हा गोळा तापलेल्या माणसाच्या अंगावर ठेवला की हळूहळू वितळतो, ठणठणीत बऱ्या माणसाच्या अंगावर घासावा लागतो. त्याहून चांगला मापारी या जिल्ह्यात मिळायचा नाही."

मी नखाने एक कण काढून काचेवर ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. कण बर्फाच्या खड्यासारखा कडक, कंगोरेदार दिसत होता. सर बटण केसभर फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत. बराच वेळ काही नाही. मग कंगोरे ओले झाले. एक कोपरा गळून पडला.

"सुटायला लागलं!"

"किंचित मागं घेतो. आता? घट्ट आहे? मग हेच. याला कुणी हात लावायचा नाही."

नवा नमुना काढायला सर स्वतः वॉर्डात गेले. या वेळी नळी बर्फात गेली नाही. त्यांनी ती माझ्या मुठीत दिली आणि मी ती चिमणीचं पिल्लू धरावं तशी धरून व्हरांड्यातून आणली. वाटेत शांतारामची बायको यमुना भिंतीशी बसली होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, हातांवरची हळद अजून पुरती गेली नव्हती. तिने मान वर करून माझ्या मुठीकडे पाहिलं.

थेंब काचेवर सोडला, वर पातळ काच ठेवली, कडा व्हॅसलीनने बंद केल्या. तव्यावर ठेवून मी डोळा लावला.

तेच कालचे गोळे. वाटोळे, दाणेदार, निश्चल. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पू-पेशीच होत्या. साधा मेंदूज्वर. पोरगा वाचेलही कदाचित.

"पू-पेशीच आहेत, सर."

"थांबा. त्यांना घरी आल्यासारखं वाटू द्या."

मी बघत राहिले. डोळ्यात घाम गेला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग त्यातल्या एका गोळ्याच्या कडेला एक फुगवटा आला. काचेसारखा स्वच्छ. पाणी उताराला लागावं तसा आतला सगळा दाणा त्या फुगवट्यात ओतला गेला, आणि गोळा होता तिथून सरकला. मग पुन्हा फुगवटा, पुन्हा ओतणं. शेजारचा दुसरा हलला. तिसरा. थोड्या वेळाने भिंगाखालचं ते सबंध मैदान चालत होतं. घाई नाही, गोंधळ नाही. वाट माहीत असल्यासारखं.

मी बाजूला झाले. सर वाकले आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांनी विनोद केला नाही.

"औषध आहे?" मी विचारलं.

"एक आहे. मुंबईत मिळालं तर. तेही लागू पडेलच असं नाही." ते ट्रंक कॉल लावायला ऑफिसात गेले. औषध मिळालं, पण उद्याच्या रातराणी बसने येणार होतं. शांतारामचा श्वास तेव्हाच अडखळायला लागला होता.

संध्याकाळी पभा मला न्यायला आला. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या बांधून निघाला नव्हता एवढंच. दारातूनच ओरडला, "ताई, आई विचारतेय, करवलीला घरी आणू की बोहला इथंच मांडू?" मग तव्याकडे बघून म्हणाला, "हे काय? डॉक्टरणीनं स्वैपाकाला सुरुवात केली वाटतं!"

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याचं हसू ओसरत गेलं, पण पुरतं गेलं नाही.

"ये, बघ स्वतः."

"नको, नको. मला अजून जेवायचंय."

"पभा, उद्या बुडी मारायची नाही."

"असं कसं? हेमाच्या बाबांनी तीन गावं जेवायला बोलावलीत. मी काठावर उभा राहून काय सांगू? माझ्या बहिणीनं काचेत किडा बघितला, मी पाण्यात उतरत नाही?"

"हो, असंच सांग."

"म्हणतील जावई बायल्या निघाला. नाहीतर म्हणतील, कीरांना सोयरीक मोडायचीय, म्हणून आमच्या देवाच्या पाण्याला नाव ठेवतायत. ताई, शेकड्यानं नवरे बुडालेत त्या कुंडात. सगळे मेले काय?"

मग शांतारामच का, ते मला आजही सांगता येत नाही. त्याच सालचं खाली गेलेलं पाणी, तो गाळ, का आणखी काही, कुणास ठाऊक.

"नाक धरून ठेव मग."

"दोन्ही हातांनी नारळ धरायचाय. तिसरा हात तुझा देतेस?" मग माझ्याकडे बघून तो जरा नरमला. "बरं, कापसाचे बोळे घालतो. झालं समाधान?"

पाण्यात कापसाचं काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. शिवाय नवरदेवामागोमाग वाडीतली सगळी पोरं कुंडात उड्या मारतात, असं काका सांगत होते. त्यांच्या नाकात बोळे कोण घालणार होतं?

"आईला सांग, मी सकाळी थेट उन्हाळकोंडला येते," मी म्हटलं. पभा शीळ घालत गेला. त्याची ती शीळ जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकत होते.

उजाडता उजाडता शांताराम गेला.

गोविंदकाकांनी त्याचे डोळे मिटले, चादर नीट केली आणि मला खोलीच्या कोपऱ्यात बोलावलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांचा आवाज बाजारात भाव करावा तसा कोरडा होता.

"डॉक्टरीणबाय, एक मागणं आहे. मुडदा संध्याकाळपर्यंत इथंच राहू दे. आणि हे कुणाला बोलायचं नाय."

"का?"

"माझ्या थोरल्या भावाच्या पोरीचं लगीन आहे आज. तुमच्याच भावाशी. हळद लागलीय तिला. आता ही बातमी वाडीत गेली तर सगळ्या भावकीला सुतक. मांडव उतरावा लागेल. हळद लागलेली पोर घरात बसवली तर पुढं तिला कोण पुसतंय?" त्यांनी हात जोडले. "कानावर पडलं नाय तर सुतक नाय. माझा गेला तो गेला. तिचं तरी होऊ दे. संध्याकाळी मी स्वतःच्या तोंडानं सांगेन."

हा रिवाज मला ठाऊक होता. लग्नघरात मरणाची बातमी दाबून ठेवतात, अक्षता पडल्या की सांगतात. पण स्वतःच्या मुलाचं मरण छातीत दाबून दिवसभर बसणारा बाप मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

आणि त्याच क्षणी मला दुसरं दिसलं. माझ्या बोलण्याने थांबणार नव्हतं, पोंक्षे सरांच्या शिक्क्याने थांबणार नव्हतं, ते लग्न एकाच गोष्टीने थांबणार होतं. सुतकाने. आणि सुतक भावकीच्या तोंडून आलं तरच लागत होतं. वरपक्षाच्या डॉक्टरणीने जाऊन सांगितलेलं कोण मानणार?

बाहेर यमुना होती तशीच भिंतीशी बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिने माझा पदर धरला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मामंजी म्हणतायत, संध्याकाळपर्यंत रडू नको. चुडा झाकून बस म्हणाले. जमेल का हो मला?"

मी सरांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते, रात्रभर जागलेले. त्यांनी फक्त प्रयोगशाळेच्या दिशेने मान हलवली.

तवा रात्रभर चालूच होता. नळीतलं पाणी मी त्याच्याच कडेला उबेत ठेवलं होतं. नवा थेंब घातला आणि गोविंदकाकांना खुर्चीवर बसवलं. एवढा उंच माणूस, त्यांना भिंगाशी वाकताही येईना.

"काय दिसतंय?"

"काय नाय. काळं. माझीच पापणी."

"दुसरा डोळा मिटा. घाई नको."

त्यांनी दुसरा डोळा मिटला. मग त्यांचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं.

"चालतायत," ते म्हणाले. "काय आहे हे?"

"तुमच्या कुंडातलं आहे, काका. गाळातलं. शांतारामच्या नाकातून वर गेलं. हे पाणी काल त्याच्या पाठीतून काढलं."

"म्हणजे हे त्याच्या आतलं?"

"हो."

"आणि जितं आहे?"

"हो."

त्यांनी डोळा काढला नाही. "माझा झील गेला," ते त्या नळकांड्यातच बोलले, "आणि ही जिती?"

काका बघत राहिले. कुणी आपल्या घरात शिरलेल्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा, तसं. मग उठले. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मग सुनेच्या पायगुणानं नाय गेला तो?"

"नाही, काका. तिचा काय संबंध?"

"कालपासून घरची बायकामाणसं तेच बोलतायत. पांढऱ्या पायाची म्हणतायत. मी पण..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "वऱ्हाड किती वाजता येतंय?"

"नऊला."

"गाडी आहे तुमची?"

इस्पितळाची जीप होती. सरांनी परवानगी कुणाला विचारली नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी काका, मागे मी आणि पदराने चुडा झाकलेली यमुना. घाटाची वळणं घेताना काका एकदाच बोलले. "भाऊ माझा जल्मात तोंड बघणार नाय," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. रस्त्याला सांगितल्यासारखं म्हणाले.

वाडीच्या तोंडाशीच ताशाचा आवाज आला. जीप माणसांच्या गर्दीत अडली. आम्ही उतरून धावलो. कुंड खोलगट जागेत आहे, चारी बाजूंनी चिऱ्याच्या पायऱ्या, आणि पाण्यावरून वाफेचा पातळ पदर. पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. खालच्या पायरीवर वाडीतली पोरं चड्ड्या आवळून तयार. आणि पभा पाण्यात, छातीपर्यंत. नारळ सोडून झाला होता. तो माझ्याकडे पाठ करून दीर्घ श्वास घेत होता.

"पभा!" मी ओरडले. ताशाने माझी हाक गिळली.

गोविंदकाका माणसं सारत खाली चालले. हेमाचे वडील वरच्या पायरीवर होते, फेटा बांधून. त्यांनी भावाला पाहिलं, मागे यमुनाला पाहिलं, तिचा झाकलेला हात पाहिला. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी पुढे येऊन काकांचं मनगट घट्ट धरलं.

"गोविंदा, आत्ता नको," ते कानाशी म्हणाले. मी मागेच होते, म्हणून ऐकलं. "घटकाभर. पाया पडतो तुझ्या. पोरीची अक्षता पडू दे."

काकांनी भावाकडे पाहिलं. थोरल्या भावापुढे ते कधी मान वर करत नसत, हे मला पुढे कळलं. त्यांनी मनगट सोडवून घेतलं, डोक्यावरची टोपी काढून पायरीवर ठेवली, सगळ्या वऱ्हाडासमोर उघड्या डोक्याने उभे राहिले, आणि उजाडल्यापासून धरून ठेवलेला हंबरडा सोडला.

शब्द नव्हता त्यात. शब्दाची गरजही नव्हती. मेलेल्या मुलासाठी बाप कसा ओरडतो ते सगळ्या वाडीला माहीत होतं. ताशा मध्येच तुटला. पभाने मान वळवली. कुंडातल्या पाण्याचा बुडबुडा ऐकू येईल एवढी शांतता झाली आणि त्या शांततेत काका खाली बसले, तोंडावर हात मारत, "माझा शांत्या गेला, माझा शांत्या गेला," म्हणत.

सगळ्यांच्या कानावर पडलं होतं. आता परत घेता येणार नव्हतं.

यमुना माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. मी मान हलवली आणि ती रडायला लागली.

मांडव दुपारीच उतरला. हेमाच्या वडलांनी त्या दिवशी भावाशी जे बोलणं तोडलं ते कायमचं. माझी आईही महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते, मी जीप नेली नसती तर लग्न निर्विघ्न पार पडलं असतं. पभाचं डोकं पाण्याखाली गेलं नव्हतं. तरी मी पंधरवडाभर रोज सकाळी त्याच्या नाकाशी कांदा धरत होते आणि तो शिव्या देत होता. त्या शिव्या कानाला फार गोड लागत. दिवाळीनंतर त्याचं आणि हेमाचं लग्न आमच्याच अंगणात लागलं, वाजंत्रीविना. हळद एकदा उतरलेली पोर नको, असं आई म्हणत होती, पण पभा ऐकेना. हेमा आज सत्तरीची आहे. मिरगाला पाऊस लागला की आम्ही नणंद-भावजय अजून कशावरूनही भांडतो.

पोंक्षे सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. शांतारामच्या त्या थेंबाबद्दल त्यांनी एक टिपण लिहून मुंबईला पाठवलं होतं. ते छापून आलं नाही. सर त्याचं काही मनाला लावून न घेता पेरूची कलमं करत बसले आणि कलमं करता करताच गेले.

यमुनाला वर्षभराने पुन्हा उजवली. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न चालतं, पण सासऱ्याने पुढाकार घेतलेला कुणी ऐकला नव्हता. गोविंदकाकांनी स्वतः राजापूरकडचं स्थळ बघितलं आणि तिला आपल्या घरातून वाटेला लावलं. कुणी पायगुणाचं नाव काढलं, तर म्हणत, "मी बघितलंय कशानं गेला ते. डोळ्यांनी बघितलंय. पाय नव्हते त्याला."

आणि काका स्वतः. भरल्या लग्नात हंबरडा फोडणारा माणूस म्हणून त्यांना अशुभ ठरवलं गेलं. वाडीतल्या एकाही लग्नाचं बोलावणं त्यांना पुन्हा आलं नाही. कुंडातली बुडी मात्र लोकांनी सोडली नव्हती. सुतक फिटलं, पाऊस पडला, पाणी चढलं, आणि पुढच्या हंगामात पुजारी पुन्हा नारळ घेऊन निघाला. तेव्हा काका, न बोलावलेले, सगळ्यांत खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले. सुतकातल्यासारखे, उघड्या डोक्याने. ते कुणाला अडवत नसत, बोलत नसत. नुसते उभे. त्या डोक्याकडे बघत पाण्यात उतरायची हिंमत एकाही नवऱ्याला झाली नाही. काठावरूनच नारळ हातात घेऊन वऱ्हाड वर गेलं. त्याच्या पुढच्या लग्नाला तेच. त्याच्या पुढच्याही.

अशी कितीतरी वर्षं ते प्रत्येक लग्नाला पहाटेपासून तिथं उभे राहिले. लोक त्यांना पाहून तोंड फिरवत, बायका मुलांना पदराआड घेत. शेवटी शेवटी पायऱ्या उतरवेनात, तेव्हा माणसाच्या खांद्यावर हात ठेवून यायचे. ते गेले त्या वर्षी वाडीत नवी पिढी आली होती. बुडी मारायची असते हे त्यांतल्या कुणाला माहीत नव्हतं, आणि तो म्हातारा तिथं का उभा राहायचा, हेही.